रात्री डोक्यात फिरणारे विचार: 'पॉझिटिव्ह राहा' सोडून दुसरं काही आहे का?

सेटर_उद्यमबाग | मंगळवार, पहाटे ३:१०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे, बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर सेटर आहे. प्रश्न कामाचा नाही, डोक्याचा आहे.

दुसरी पाळी सुटून खोलीवर येतो, जेवतो, आडवा होतो, आणि सुरू. मागं सुपरवायझर जाता जाता नुसता "उद्या जरा भेट" म्हणून गेला. बास. रात्रभर तेच. काम जाणार. बहिणीचं लग्न ठरलंय ते लांबणार. मग जुनं सगळं वर येतं: सैन्यभरतीत धावण्यात राहिलो, डिप्लोमाला विषय राहिला, आपण कुठल्याच कामाचे नाही. सकाळी सुपरवायझरनं विचारलं काय? पुढच्या आठवड्यात पाळी बदलून घेशील का. एवढंच! पण गेलेली झोप काय परत येत नाही, आणि दुसऱ्या रात्रीला नवीन विषय तयार.

आई म्हणते नजर लागली. दोस्त म्हणतात पॉझिटिव्ह राहा. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे" म्हणून बघितलं. हसू आलं, आणि वर खोटं बोलल्यासारखं वाटलं. विचार हाकलायला गेलं तर दुप्पट येऊलालेत. कुणाला खरंच कशाचा उपयोग झालाय का? भाषण नको, काय केलं ते सांगा की.

कडोलीचे_काका | सकाळी ६:०५

नामस्मरण. संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसत जा. मन मोकळं सोडलं की ते असंच करतंय. आमचं वय सत्तरीच्या पुढं गेलं, झोपेची गोळी माहीत नाही.

थर्डगेट_टिळकवाडी | सकाळी ७:४०

काका, त्याची दुसरी पाळी आहे. संध्याकाळी तो मशीनपुढं असणार, देवळात कधी जाईल?

सेटरदादा, चालायला लागा. माझ्या घटस्फोटाच्या वर्षात मी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेऱ्या मारायचे. विचार बंद पडत नव्हते, पण अंथरुणात जे विचार छातीवर बसायचे ते चालताना निदान बाजूनं चालायचे. मोबाईल घरी ठेवून जायचं, ही अट.

लॅबवाला | सकाळी ८:१५

आधी रक्त तपासून घ्या बाबा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन. थकवा, उदासी, झोपेचा घोळ यामागं यातलं काहीतरी निघालेलं बघतो मी. सगळं मनाच्या माथी मारू नका.

संकेश्वरची_लेक | सकाळी १०:५०

मूळची संकेश्वरची, सध्या कोल्हापुरात समुपदेशन करते. इथं कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बसूनच होतं. लॅबवाले म्हणतात ते बरोबर आहे, तपासणी आधी करून घ्या. आता बाकीचं जरा लांबून सांगते, कारण सेटरदादांच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे.

"हाकलायला गेलं तर दुप्पट येतात." हे तुमचं एकट्याचं नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढं त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा त्यांच्या डोक्यात ते पहिल्यापासून मोकळीक असलेल्या गटापेक्षा जास्त आलं. कारण सरळ आहे: "तो विचार आला का?" हे बघत राहायचं म्हणजे तो सतत डोक्यात धरून ठेवावा लागतो. म्हणून "विचार करू नकोस" हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि घेणाऱ्याला छळ.

मग करायचं काय? इथं अॅरन बेक यांचं काम उपयोगी पडतं. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याचे रुग्ण बघताना त्यांच्या लक्षात आलं की या लोकांच्या बोलण्याखाली एक दुसरंच बोलणं चालू असतं. झटपट, आपोआप, आणि तपासल्याशिवाय खरं मानलेलं. सुपरवायझर "भेट" म्हणाला ही घटना. "काम जाणार" हा विचार. पोटात गोळा आला तो विचारानं, घटनेनं नव्हे. तिघं इतक्या पटकन एकापाठोपाठ येतात की आपल्याला एकच वाटतात. ते सुटे करायचे, हे पहिलं काम.

एक साधी वही घ्या. पानावर उभ्या रेघा मारा. काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, किती त्रास झाला (शंभरपैकी), त्या वाक्याच्या बाजूनं काय पुरावा आणि विरुद्ध काय. तुमचंच घ्या. वाक्य: "मी कुठल्याच कामाचा नाही." बाजूनं: भरतीत राहिलो, डिप्लोमाला विषय राहिला. विरुद्ध: मशीनवर नवीन जॉब आला की सेटिंग कोण लावतं? पाळी बदलायला तुम्हालाच का विचारलं? बहिणीच्या लग्नाला पैसे कोण घालतंय? मग शेवटी तोलून एक वाक्य लिहायचं. "मी महान आहे" असलं नको! ते तुमच्या मनाला पटणार नाही, आणि आरशापुढं नेमकं तेच झालं. "भरतीत राहिलो हे खरं, त्याचं वाईट वाटतं हेही खरं; हाताखालचं काम मला नीट येतं" असं काहीतरी. पटेल तेवढंच लिहा. त्रास नव्वदाचा साठ झाला तरी पुष्कळ.

आणि हे पहाटे तीनला करायचं नाही. त्या वेळी कुणाचंही डोकं न्याय करत नाही. दिवसातली एक ठरावीक वेळ चिंतेला देऊन टाका. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली: रोज अर्धा तास, तीच वेळ, तीच जागा. एरवी विचार आला की एका शब्दात टिपून ठेवायचं, "उद्या साडेअकराला बघू". दुसऱ्या पाळीवाल्याला कामावर जायच्या आधीची वेळ बरी. झोपायच्या जागेवर मात्र ही बैठक नको. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळलात तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत या. अंथरुण आणि काळजी यांची जोडी मोडायची आहे.

फिटर_अनगोळ | दुपारी १:२०

ताई, आमच्या भाषेत सांगतो. मापाच्या डायलचा काटा झिरो न करता पीस मोजला तर चांगला पीसपण रिजेक्ट दाखवतो. पीस परत घासून काय उपयोग? आधी डायल झिरो करा. सेटरभाऊ, तुला कळलं असणार.

सेटर_उद्यमबाग | दुपारी १:४५

कळलं की. 😄 ताई, वही आणतो. पाळीला निघालो.

मागवाला_वडगाव | रात्री ९:३०

सगळं वाचलं. रागावू नका, पण हे पगारी लोकांचं आहे. माझ्याकडं यंत्रमाग आहेत, अर्धे बंद. सुताचा भाव चढतो, साडीचा चढत नाही. सोसायटीचा हप्ता थकलाय, सावकाराचं वेगळं. हा विचार नव्हे, हे कागदावर आहे. वहीत पुरावा काढायला गेलो तर सगळा पुरावा माझ्या विरुद्धच निघंल. पॉझिटिव्ह काय राहायचं? कधी कधी वाटतं आपणच नसलो तर घरच्यांचं सुटंल तरी.

संकेश्वरची_लेक | रात्री ९:४२

मामा, रागावत नाही. कर्ज खरं आहे, आणि खऱ्या अडचणीला "विचार बदला" म्हणणं हा अपमान आहे. पण तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "हप्ता थकलाय" ही अडचण. "मी नसलो तर सुटंल" हा विचार, आणि तो धोक्याचा आहे.

सरळ विचारते, कारण विचारल्यानं असला विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही: जीव द्यायचा विचार येतोय का? कसा, कधी, असं काही मनात ठरलंय का? इथं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण आत्ता घरातल्या एका माणसाला सांगा. १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. घरात शेतातलं औषध किंवा गोळ्यांचा साठा असेल तर आज रात्री तो भावाकडं, शेजाऱ्याकडं, दुसरीकडं जाऊ दे. ही लाट येते आणि ओसरते. ती असताना हाताशी काही नसणं यानं माणसं वाचतात.

थर्डगेट_टिळकवाडी | रात्री ९:५०

मामा, वडगावातच आहात ना? मी टिळकवाडीत, दहा मिनिटांत येते. गल्ली मेसेजमध्ये सांगा, इथं नको.

मागवाला_वडगाव | रात्री १०:२५

ठरवलेलं काही नाही. बायकोला सांगितलं आत्ता. ती रडूलालीय. धाकट्या भावाला फोन केलाय, तो येऊलालाय. ताई, तुम्ही येऊ नका एवढ्या रात्री. फोन भाऊ आल्यावर लावतो. पण हे सांगितल्यावर पोलीस केस होते म्हणतात ना?

वकील_नाही_पण | रात्री १०:४०

नाही हो मामा. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, कुणी प्रयत्न केला तरी तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. निर्धास्त फोन करा.

संकेश्वरची_लेक | बुधवार, सकाळी ९:१०

मामांशी रात्री मेसेजवर बोलणं झालं, भाऊ सोबत आहे. त्यांच्या परवानगीनं कर्जाच्या भागाबद्दल लिहिते, कारण असे इथं अनेक असतील.

खऱ्या अडचणीला वेगळी वही. डोक्यात कर्ज एकच भलामोठा डोंगर असतं. कागदावर ते कुणाचं किती, व्याज किती, आधी कोण दारात येणार, कुणाशी बोलून मुदत मिळेल, असं तुटक होतं. त्यातलं या आठवड्यात करण्यासारखं एकच काम निवडायचं. सोसायटीत जाऊन पुनर्रचनेचा अर्ज विचारणं, एवढंसुद्धा चालेल. जे आज हातात नाही ते चिंतेच्या वेळेत टाकायचं. आणि "काहीच करावंसं वाटत नाही" असं असताना उत्साह यायची वाट बघू नका. नैराश्यात क्रम उलटा असतो: आधी थोडं काम, मग हुरूप. बंद मागांपैकी एकाची साफसफाई करायला कुणाचं कर्ज लागत नाही.

दोन आठवड्यांच्या वर बहुतेक दिवस उदासी, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असं असेल तर वही पुरत नाही. डॉक्टर लागतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानंच बंद करायचं नसतं.

निपाणी_गल्ली | सकाळी ११:३०

डॉक्टर म्हणणं सोपं आहे. धारवाडला गेलो होतो बहिणीला घेऊन. डॉक्टर चांगला होता, पण बहीण मराठीतच रडते. मी मध्ये बसून कन्नडमध्ये सांगत होतो. तिला नवऱ्याबद्दल जे सांगायचं होतं ते भावासमोर कसं सांगणार? आणि केसपेपर सगळा कन्नडात. सीमाभागात आमचं हेच, सत्तर वर्षं झाली...

धागापाल | सकाळी ११:४१

निपाणीकर, दुखणं कळतं. पण सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तिकडं आधीच पावणेतीनशे प्रतिसाद आहेत. इथं भाषेची अडचण आणि तिच्यावरचा उपाय एवढंच ठेवू. दोन प्रतिसाद उडवलेत.

संकेश्वरची_लेक | दुपारी १२:२०

ही अडचण मात्र खरीच आहे, आणि ती कुणी मोजत नाही. मनातलं माणूस ज्या भाषेत आईशी बोलतो त्याच भाषेत निघतं. दुभाषा लागलाच तर तो घरचा नको, एवढं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. परिचारिका, समाजसेवक, कुणीतरी मराठी येणारं बहुतेक सापडतं आपल्याकडं.

कुठं जायचं ते लिहिते. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. आधी तिथं दाखवा, प्रत्येक वेळी धारवाड गाठायची गरज नसते. धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची जुनी संस्था आहे, मूळ रुग्णालय १८४५चं. गुंतागुंतीचं असेल तर तिकडं. कर्नाटकात 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम आहे, त्यात मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ बसतात. तुमच्याकडं कुठल्या मंगळवारी, ते सरकारी दवाखान्यात विचारून घ्या. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर जवळ, अथणीकरांना मिरज. आजारपणाला सरहद्द नसते, बस लागते.

अथणीची_सून | दुपारी ३:०५

नवीन खातं काढून लिहितेय. बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याला घेऊन जिन्यावरून उतरताना मनात येतं की आपण याला खाली टाकलं तर. सुरी हातात असली की भलतंच दिसतं. मी तसं करणार नाही, मला बाळ जिवापेक्षा प्यारं आहे. पण मग असलं येतं कसं? मी वाईट बाई आहे का? आता स्वयंपाकघरात बाळाला नेतच नाही. सासूबाई विचारतात का, काय सांगू? देवाचं नाव घेऊन घेऊन दमले.

संकेश्वरची_लेक | दुपारी ३:२०

ताई, बरं झालं लिहिलंत. वाईट बाई नाही तुम्ही. असले नको असलेले, अंगावर काटा आणणारे विचार निरोगी माणसांनाही येतात. जॅक रॅचमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी १९७८ साली सर्वसाधारण लोकांना विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं की असं काहीतरी आमच्याही मनात येतं. कुणाला तरी ढकलावं, कुणाला इजा करावी, नको ते करावं. फरक येतो तो पुढं. एकाला विचार येतो, तो "काय भलतंच" म्हणून पुढं जातो. दुसरा थबकतो: "हे माझ्या मनात आलंच कसं? म्हणजे मी तशीच असणार." मग तो सुऱ्या लपवतो, जिना टाळतो, देवाला सतत माफी मागतो. या टाळण्यानंच विचाराचं वजन वाढतं. बाळंतपणानंतर तर हे कितीतरी जणींना होतं. जीव एवढा अडकलेला असतो म्हणूनच मन वाईटात वाईट शक्यता पुढं करतं. तुम्हाला त्याची किळस येते, भीती वाटते, हीच खूण आहे की तो विचार म्हणजे तुमची इच्छा नव्हे.

करायचं ते वरवर उलटं वाटेल. विचार आला की "हं, तोच विचार" एवढं म्हणायचं, त्याच्याशी वाद नाही, माफी नाही, आणि हातातलं काम चालू ठेवायचं. यावर चांगले उपचार आहेत, एखाद्या तज्ज्ञाला नक्की दाखवा, मिरज तुम्हाला सोयीचं. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. "बाळंतपणानंतर मन घाबरं होतंय, डॉक्टरला विचारायचंय" एवढं बास.

एक मात्र लक्षात ठेवा, आणि नवऱ्यालाही सांगून ठेवा. तो विचार उद्या बरोबर वाटायला लागला, कुणीतरी कानात सांगतंय असं ऐकू आलं, दोन-तीन रात्री झोपेची गरजच वाटेना, तर ते वेगळं दुखणं आहे. मग वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर बाळाजवळ दुसरं माणूस.

अथणीची_सून | दुपारी ३:५०

तसलं काही नाही. ऐकू येत नाही. झोप मिळाली तर पडल्या पडल्या लागते. मला वाटलं होतं जगात मी एकटीच.

थर्डगेट_टिळकवाडी | दुपारी ४:०२

एकटी कुठली. मला माझ्या मुलीच्या वेळी गॅलरीत जायची भीती वाटायची. ती पोरगी आता कॉलेजला जाते आणि मला उलट उत्तरं देते.

कडोलीचे_काका | संध्याकाळी ५:३०

लेकी, तू त्या बाईला नाम घेऊ नको म्हणालीस का? मला तेवढं पटलं नाही.

संकेश्वरची_लेक | संध्याकाळी ६:१५

नाही काका, तसं नाही. तुम्ही हरिपाठाला बसता तेव्हा मन भरकटलं की ओढून आणता, परत भरकटतं, परत आणता. रागावत नाही त्याच्यावर. हेच आज ध्यानावर आधारित उपचारातही शिकवतात, आणि नैराश्य वारंवार उलटणाऱ्यांना त्याचा फायदा होतो हे अभ्यासातून दिसलंय. शिवाय देवळात चार माणसं भेटतात, त्याची किंमत वेगळीच. पण विचार दिसला की घाबरून त्याच्यावर नाम आदळायचं, एक जप चुकला तर पहिल्यापासून, असं सुरू झालं की ते नाम राहत नाही, ते भीतीचं काम करायला लागतं. त्या ताई दमल्यात त्या यानं.

कडोलीचे_काका | संध्याकाळी ६:४०

हां. मोजून नाम घेणाऱ्याला आमचे बुवाही रागवायचे. मग ठीक.

सेटर_उद्यमबाग | रविवार, सकाळी ११:५५

वही चालू आहे. सगळ्या दिवशी जमलं नाही. एक गोष्ट दिसली: माझी वाक्यं फिरून फिरून दोनच. "काढून टाकतील" आणि "लोक हसतील". तारखा वेगळ्या, वाक्यं तीच. साडेअकराला वही उघडली की रात्रीचं निम्मं वाचून कंटाळा येतो. "लोक हसतील" वर मात्र पुरावा लिहून काही होत नाही, कारण भरतीत राहिलो तेव्हा गावात खरंच हसले होते.

दोन प्रश्न. मोबाईलमध्ये लिहिलं तर चालेल का, कारण खोलीवर आम्ही चौघं आहोत, वही कुणाच्या तरी हातात पडंल. आणि पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे, मग साडेअकराला मी झोपलेला असणार. वेळ कुठली धरू?

फिटर_अनगोळ | दुपारी १२:१०

मोबाईल नको भावा. लिहायला उघडशील आणि रील बघत बसशील. वही टूलबॉक्समध्ये ठेव, कुलूप आहेच.

संकेश्वरची_लेक | दुपारी १२:३५

टूलबॉक्सची कल्पना झकास. वेळ घड्याळावर धरू नका, झोपेवर धरा: उठून, आंघोळ-जेवण झाल्यावर, कामाला निघायच्या तासभर आधी. पाळी बदलली तरी क्रम तोच राहील. रात्रपाळीत पहिले दोन दिवस वही कोरी राहिली तरी चालेल, त्या दिवसांत झोप आधी.

"लोक हसतील" याचा पुरावा शोधू नका, ते हसलेच होते. त्याच्यापुढचं वाक्य लिहा. हसले, मग? मग काय झालं, तुम्ही काय केलंत, आज त्यातले किती जण विचारतात? खाली खाली जात राहा, कुठलं वाक्य तळाशी सापडतंय ते बघू. सापडलं की इथं टाका, किंवा मला मेसेज करा.

सेटर_उद्यमबाग | दुपारी १२:४०

मेसेज करतो. गावातली बरीच जणं हा धागा वाचतात.